उसना घास

"काडी आधी काढायची नाही, धाकटे. काडी काढलीस की वरचा पाव सरकतो, मग काकडी एकीकडे, चीज दुसरीकडे, आणि तू बसतेस पसारा गोळा करत. आधी दोन्ही हातांनी नीट धर, मग काडी. आणि पहिला घास कोपऱ्याचा घेऊ नकोस. कोपऱ्यात नुसता पाव असतो. मधून घे, मधून."

दादाचं हे नेहमीचं बजावणं आठवत तिने सँडविचकडे पाहिलं. काडी लाकडाची, टोकाला हिरव्या कागदाचा झुबका, आणि ती जिथे पावात रुतली होती तिथे एक ओलसर खळगा पडलेला, बेंबीसारखा. तिने नजर काढून घेतली. बेंबी म्हटलं की दादाच्या पोटावरची नळी डोळ्यांपुढे येई, चिकटपट्टीने धरून ठेवलेली, जिच्यातून ती रोज पातळ केलेलं अन्न ओतत असे, हात स्वच्छ धुऊन, दिव्यात तेल घालावं तितक्याच सावकाशीने. "माझी लिफ्ट थेट तळमजल्याला जाते," दादा म्हणे. "मधले मजले बंद." तो हसे, आणि हसताना घशावरची शिवण ओढली जाई.

दुकान म्हणजे दोन इमारतींच्या मधली फट. आत पाव कापणारे, भाजणारे, बाहेर रांग, आणि काचेला लागून एक लांब फळी. फळीपुढची स्टुलं इतकी उंच की तिचे पाय लोंबकळत, शाळेतल्यासारखे. शेजारचा माणूस कोट न काढता खात होता. त्याच्या हनुवटीला मोहरीचा पिवळा ठिपका लागला होता आणि त्याला ते माहीत नव्हतं. किती बिनधास्त खातात माणसं, तिला वाटलं. कोणाला न विचारता.

दादाने पत्ता दिला होता त्याच्या पद्धतीचा : "टेलिफोनच्या जुन्या कचेरीमागे. वरची लिफ्ट चौथ्या मजल्यावर थांबताना उचकी देते, त्याच्या खालचं." त्याने सारा जन्म लिफ्ट दुरुस्त करण्यात घालवला होता. शहराच्या कुठल्याही कोपऱ्यात दुपारी भूक लागायची, डबा न्यायचा कंटाळा, म्हणून रोज नवं दुकान, नवं सँडविच. शहर त्याला दोनच गोष्टींनी पाठ होतं, कुठली लिफ्ट कशी कण्हते आणि तिच्या पायथ्याशी काय खायला मिळतं. आणि घशाचं ते ऑपरेशन झाल्यावर, पडल्या पडल्या, आवाज फुटायला लागल्यावरचं त्याचं पहिलं मोठं वाक्य हे होतं — "आता माझ्याऐवजी तू जा. रोज एक. संध्याकाळी येऊन मला सगळं सांग. कबूल?"

कबूल, ती म्हणाली होती.

तेव्हा तिच्या मनात दुसरं एक कबूल करून झालेलं होतं, हे त्याला कुठे माहीत होतं... ऑपरेशनच्या खोलीबाहेर, गार खुर्चीवर बसून, डोळे मिटून — दादा स्वतःच्या घशाने एक घास गिळेपर्यंत मी मिठाचा कण जिभेवर ठेवणार नाही. तिचे नेम तसे खूप. पहाटेचा दिवा, दिव्याआधी पाणीही नाही, अन्न टाकायचं नाही, खोटं बोलायचं नाही. पण ते नेम रोजचे, पायातल्या चपलांसारखे. ते पाळतो आहोत हेही आठवत नाही. हा मात्र देवाच्या हातात हात देऊन केलेला. देव काही बोलला नव्हता. पण बोलला नाही म्हणजे त्याने ऐकलं नाही, असं थोडंच असतं?

दोन्ही कबूल पाळायचे म्हणजे काय, तर हे. दुकानात यायचं. सँडविच मागायचं. फळीवर बसून ते सगळ्या बाजूंनी बघायचं, वास घ्यायचा, सुरी कशी फिरते, कडा कशी तडकते ते कान देऊन ऐकायचं. मग पुन्हा कागदात नीट गुंडाळून कामावर, कानांच्या दवाखान्यात न्यायचं. तिथे बरोबर काम करणारी चिमणी खाणार, आपण समोर बसून अळणी भात खायचा, आणि चिमणीच्या तोंडून एकेक शब्द काढून घ्यायचा. संध्याकाळी तेच शब्द दादाच्या पुढ्यात. "मी खाल्लं" असं ती कधीच म्हणत नसे. "पाव कुरकुरतो," म्हणे. "काकडी गार लागते," म्हणे. पाव कुरकुरतो हे खोटं नाही. काकडी गार लागते हे तर कुठल्याही देवळाच्या पायरीवर बसून सांगता येईल... असं ती स्वतःला सांगे, आणि सांगताना मान खाली जाई.

तिने काडीला हात न लावता सँडविच गुंडाळलं. कोटवाल्या माणसाने तिच्याकडे पाहिलं.

"आवडलं नाही?"

"नेते," ती पुटपुटली. "घरी... भावासाठी."

हे मात्र धडधडीत खोटं होतं. पायरी उतरताना ते तिच्या मागोमाग आलं.

रस्ता ओलांडताना ती पुडी उराशी धरून चालत होती, तान्ह्या मुलासारखी. गरम होती पुडी. त्या दिवशीही अशीच गरम होती. नको, तो दिवस नको. पण तो दिवस आता कुठल्याही पुडीच्या उबेतून सरळ आत येतो, दार न वाजवता.

त्या दिवशी चिमणी आली नव्हती, मावसबहिणीच्या लग्नाला गेली होती. हे तिच्या ध्यानातच राहिलं नाही. हातात पुडी घेऊन दवाखान्याच्या दारात उभी राहिली तेव्हा आठवलं. आता? टाकायचं नाही. द्यावं तर कोणाला, तपासणीला आलेल्या पेशंटला? ती मागच्या बागेतल्या बाकावर जाऊन बसली. पाव ओला तर झाला नाही ना, एवढंच बघायला कागद उघडला. वास आला. मी फक्त कोपरा मोडला, बघायला. कोपऱ्यात तर नुसता पाव असतो, दादाच म्हणाला होता, नुसत्या पावात कितीसं मीठ...

आणि मग कागद रिकामा होता. मधलं काहीच आठवत नाही. कागदाला चिकटून वाळलेलं चीज तिने नखाने खरवडलं आणि तेही खाल्लं. बाकावर बसून, भर दुपारी, रीतीभातीची बाई.

त्याहून वाईट ते पुढे. तिला लगेच काही वाटलं नाही. वाटायला हवं होतं, निदान हात थरथरायला हवे होते. ती दवाखान्यात परतली ती गुणगुणत. बहिऱ्या म्हाताऱ्यांच्या कानांवर तिने हेडफोन चढवले ते इतक्या मायेने, की एका आजोबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. सारी दुपार जिभेच्या कडेला ती खारट ऊब होती आणि ती, देवा, सुखात होती.

संध्याकाळी दादा उशीला टेकून वाट बघत होता.

"आज?"

"आज मी खाल्लं, दादा."

"ते कळलं. कसं होतं?"

"चांगलं होतं."

"चांगलं तर सगळंच असतं. पाव भाजलेला की मऊ?"

तिला आठवेना. खरंच आठवेना. पाव होता, एवढंच. आत काय होतं... पिवळं काहीतरी. मऊ. खारट. ती नुसती बघत राहिली, उत्तर माहीत असूनही तोंड न उघडणाऱ्या मुलीसारखी, फक्त तिला उत्तर माहीत नव्हतं, पोटात मात्र होतं.

"खारट होतं," ती म्हणाली.

दादाच्या चेहऱ्यावरचं कुतूहल हळूहळू विझलं. रोज तिच्या तोंडून फुलून येणारं वर्णन ऐकणाऱ्या माणसाला ही दोन शब्दांची भीक. "गेलीच नाहीस तू आज," तो म्हणाला. रागाने नाही. "कंटाळा आला तर तसं सांग, धाकटे. मी काय, पडलेलाच आहे. पण थापा नको मारूस मला. माझ्याकडे आता ऐकण्यावाचून दुसरं काय आहे?" आणि त्याने भिंतीकडे तोंड केलं.

रोजचं उसनं त्याला खरं वाटलं होतं, आणि एका दिवसाचं खरं, खोटं.

त्याच आठवड्यात गिळण्याची चाचणी होती. डॉक्टरबाईंनी त्याला एक चमचा पांढरं पातळ दिलं आणि पडद्यावर दाखवलं. काळी सावली खाली उतरली, वळणावर थबकली, आणि चुकीच्या वाटेने गेली. श्वासाच्या वाटेने. "खोकला यायला हवा होता," डॉक्टरबाई म्हणाल्या. "आला नाही, हे वाईट. घसा चुकतोय आणि चुकल्याचं कळवतही नाहीये. आणखी थांबू या." दादाने नुसती मान हलवली. ती मात्र पडद्याकडे बघत राहिली. ती सावली तिला ओळखीची वाटत होती. बाकावर बसून, भर दुपारी, चुकीच्या वाटेने उतरलेली. चुकल्याचं न कळवता.

तेव्हापासून दादा ऐकत होता, पण पाहुण्याने ऐकावं तसा. "असं का? वा." आज सकाळी मात्र दाढी करता करता, आरशातूनच म्हणाला होता : "ते उचकीवालं दुकान अजून आहे का बघून ये. पण जाणार असशील तरच हो म्हण."

"जाते ना," ती म्हणाली होती. आणि ती गेली होती. गेली होती एवढं तरी खरं.

दवाखान्यात यंत्र तपासायला माणूस आला होता, त्यामुळे दुपारच्या तपासण्या रद्द. आवाजबंद खोलीचं दार सताड उघडं, आणि तिची रोजची खुर्ची त्या माणसाने घेतलेली. काचेच्या अलीकडे बसून ती आवाज पाठवते, पलीकडचा माणूस ऐकू आलं की बोट वर करतो, हे तिचं काम. कधी कधी ती मुद्दामच काही पाठवत नाही, आणि तरी बोट वर येतं. अशांना ती ओरडत नाही. घरच्यांना वाईट वाटू नये म्हणून ऐकू आल्याचं सोंग करणारी माणसं ती चेहऱ्यावरून ओळखते.

"आला का माझा खाऊ?" चिमणी टेबलामागून उठली. पेशंटची नावं पुकारायचं काम तिचं, आणि आवाज असा बारीक न् टोकदार, की ठार बहिरेही वळून बघत. म्हणून चिमणी. "ताई, लग्नातला ब्लाउज बसत नाही मला, तुमच्यामुळे. आई विचारते, तुझ्या दवाखान्यात करतात काय, कान तपासतात की पोसतात?"

"हळू खा."

"हळूच खाते हो. तुम्ही बघत बसता म्हणून मला आपलं नवरीसारखं वाटतं." तिने काडी आधी काढली. वरचा पाव सरकला, काकडी टेबलावर. "गेली! असू दे." तिने ती बोटाने उचलून तोंडात टाकली. "अं... हे वेगळंय. कडेला काय आहे माहितेय? त्यांनी पाव तव्यावर दाबलाय, आणि चीज बाहेर सांडून जळलंय. त्याची जाळी झालीय जाळी. दाताखाली मोडते ती कानात ऐकू येते बघा. खा ना एक तुकडा."

"नको ग. माझं तुला माहितेय."

"तुमचा नेम. माहितेय. पण देवाला सांगा की, एक तुकडा चिमणीने बळेच भरवला."

ती हसली. जाळी झालीय, ती मनात घोकत होती. दाताखाली मोडते, कानात ऐकू येते. आज तरी दादाचा चेहरा पूर्वीसारखा होईल.

"आणि आज मी तुमच्याबरोबर येणार," चिमणी बोटं पुसत म्हणाली. "अर्धी सुट्टी आहे, वाटेत तर घर तुमचं. दादांचं रोज नुसतं ऐकते. त्यांना बघायचंय मला."

"आज?"

"का? आजारी माणसाला बघायला मुहूर्त लागतो?"

काय म्हणायचं? नको म्हटलं तर का, हे सांगावं लागेल. तिने पाण्याचा घोट घेतला. लहानपणापासून तिला नको म्हणताच येत नाही. आई म्हणायची, ही पोर गायीसारखी आहे, गोठ्यात शिरलेल्या चोरालाही शिंग दाखवायची नाही. वाटेवर चिमणी बडबडत होती आणि ती देवाची प्रार्थना करत होती, फार लहान प्रार्थना : तिला दुसरं काहीतरी बोलायला सुचव. लग्नाचं. ब्लाउजचं. काहीही.

निघताना तिने फोनवर कळवलं होतं, म्हणून दादाने चिमणीसाठी अंगावर चांगला शर्ट चढवला होता. नळी आत झाकलेली. खुर्चीत बसून तो जुन्या दिवसांसारखा दिसत होता, फक्त कॉलर मोठी झालेली.

"ही ती पुकारणारी?" तो म्हणाला. आवाज फाटका, पण त्यात गंमत होती. "हिचा आवाज आमच्या वर्कशॉपात हवा होता. भोंगा लागला नसता."

"बघा ताई, पहिल्याच भेटीत!" चिमणी खूश झाली. "आणि तुम्ही म्हणता, दादा शांत आहेत."

"चहा ठेवते," ती म्हणाली आणि स्वयंपाकघरात गेली, पण कान बाहेरच. आधण उकळेना. लग्न, तिने मनात म्हटलं, लग्नाचं बोल.

"जेवलीस का ग?" दादाचा आवाज. आपल्याकडे आलेल्या कोणालाही तो हेच विचारतो. अजूनही.

"जेवले म्हणजे काय! आज तर मजा होती. चीजची जळकी जाळी, दाताखाली मोडली की कानात ऐकू येते."

बाहेर दादाची खुर्ची करकरली. तिने आधणाचा गॅस लहान केला. का, ते तिलाही कळलं नाही.

"वा," दादा म्हणाला. "खायची आवड दिसते."

"आधी नव्हती. आता लागलीय."

"मग पुलापलीकडचं खाल्लं असशील. भाजलेल्या मिरचीचं."

"अय्या, ते तर! मिरचीचं साल जरा करपलेलं, त्याचा धूर लागतो घशात, पण—"

"पण गोड धूर," दादा म्हणाला.

"गोड धूर! अगदी! तुम्हाला कसं माहीत?"

"आणि बँकेच्या गल्लीतलं," दादा सावकाश म्हणाला, पायरी चाचपत उतरणाऱ्यासारखा, "त्यात बटाटा नीट कुस्करलेला नसतो. मधेच एखादी फोड येते..."

"...आणि वाटतं, कोणीतरी आपल्यासाठी लपवून ठेवलीय! दादा, तुम्ही तर माझ्या मनातलं बोलताय."

"हो ना," दादा म्हणाला. "बघ कसं."

ती चहा घेऊन बाहेर आली तेव्हा तो तिच्याकडे बघत नव्हता. चिमणी बोलत राहिली, जे हवं होतं ते आता सगळं, लग्नाचं, ब्लाउजचं, मावसबहिणीच्या सासूचं. दादा हसायच्या जागी हसला. निघताना चिमणी म्हणाली, "दादा, लवकर बरे व्हा. मग आपण तिघं जाऊ, मी तुम्हाला एकेक दुकान दाखवते." दार लागलं. जिन्यावर चपलांचा आवाज खाली खाली जात राहिला आणि मग तोही गेला.

तिने कप उचलले. कप उचलले की हातांना काम असतं.

"इतके दिवस आवाज तुझा होता," दादा म्हणाला. "तोंड तिचं."

तिने कप परत खाली ठेवले.

"का ग? आवडत नव्हतं तर सांगायचंस."

"मीठ सोडलंय मी."

"कधीपासून?"

"तू आत होतास तेव्हापासून. तू गिळशील तोवर."

दादाने डोळे मिटले. तिला वाटलं, आता ओरडेल; ओरडावं असंही वाटलं. पण त्याच्या घशाला ओरडता येत नव्हतं, आणि ते त्यांना दोघांनाही एकाच वेळी आठवलं असावं.

"घसा माझा," तो म्हणाला, "आणि करार तुझा न् त्याचा. मला विचारायचंस तरी. मी इथे पडून काय म्हणत होतो माहितेय? म्हणत होतो, चला, घरातलं एक पोट तरी रोज मजेत भरतंय." तो थांबला, श्वास घेतला. "तुला कशाला पाठवत होतो वाटलं? माझ्या करमणुकीला? मी खायचा बंद झालो की तू बंद होणार, हे काय मला कळत नाही? आई गेली तेव्हा काय केलं होतंस?"

हे तिच्या कधी मनातच आलं नव्हतं. रोज संध्याकाळी तो तिला जेवू घालत होता, आणि ती ते जेवण दुसऱ्याच कोणाच्या तोंडी देऊन येत होती.

"थांब," दादा एकदम म्हणाला. "ते लग्न म्हणाली ती. ती नव्हती तेव्हा... तो खारट दिवस."

तिने मान हलवली.

"तू खाल्लंस त्या दिवशी."

"हो."

"सगळं?"

"सगळं. कागदसुद्धा खरवडला." तिचा आवाज इतका बारीक झाला की त्याला पुढे वाकावं लागलं. "त्यामुळेच चाचणी बिघडली, दादा. मी... मला थांबता आलं नाही."

मग त्याने तोंडावरून हात फिरवला. "आणि मी भिंतीकडे तोंड केलं," तो म्हणाला. "एकदाच खरं बोललीस, आणि मी तोंड फिरवलं."

खिडकीतून दुपार अजून आत येत होती. खाली कोणीतरी गाडी मागे घेत होतं.

"लिफ्ट अडकते ना," दादा म्हणाला, "तेव्हा आतली माणसं काय काय कबूल करतात, सांगू? मी वर दोराशी झटतोय, आणि आतून बाई ओरडतेय, माझ्यामुळे अडकली हो, मी बटण दोनदा दाबलं. कितीदा सांगायचो, बटणाचा संबंध नाही, बाई, ब्रेक धरलाय. ऐकत नाहीत. जो आत अडकतो त्याला वाटतं, आपणच अडकवली."

ती ऐकत होती. ते खरंही असेल. पण बटण दाबताना त्या बाईने कोणाला शब्द दिलेला नसतो... हे तिने म्हटलं नाही. त्याला तसं वाटतं, मला असं वाटतं, आणि मधे ती सावली उतरते, कुठल्या वाटेने, कोण सांगणार?

"नेम मोड असं मी म्हणणार नाही," दादा म्हणाला. "तो तुमच्या दोघांतला. पण मलाही कबूल केलं होतंस ना? रोज एक. मला सांगायचं. ते कबूल नव्हतं का?"

"होतं."

"मग एकदा खा. माझ्यासमोर. वर्णन नको मला, मी बघेन."

"तुला... बघवेल?"

"ते माझं मी बघतो."

ती आत देवाच्या कोपऱ्यात गेली. दिवा सकाळचाच, वात काळी पडलेली. हात जोडले. सवयीने ओठ हलले, पण मागायला काही सापडेना. क्षमा मागावी तर कोणत्या अपराधाची आधी, दोन होते, आणि एक धुवायला गेलं की दुसरा ओला व्हायचा. ती नुसती उभी राहिली. अशी ती देवापुढे कधीच उभी राहिली नव्हती, हातात काही न घेता.

मग तिने कपाटाखालून दादाचे बूट काढले. इतके दिवस फक्त इस्पितळात जायला निघालेले. पदराने पुसले आणि त्याच्या पायांपुढे ठेवले.

"कोपऱ्यावरचं," तो नाडी ओढत म्हणाला. "तिथे मी कधी खाल्लंच नाही. घराजवळचं कोण खातं?"

दार लावून ती त्याच्या एक पायरी पुढे उतरू लागली, तोल गेला तर आपल्यावर यावा म्हणून. पहिल्या वळणावर तो दम खायला थांबला. तीही थांबली. त्या शांततेत तिचं पोट मोठ्याने गुरगुरलं. दादाने ऐकलं असणार; तो कठड्यावरून खाली बघत राहिला, ओठ घट्ट मिटून, पण हसू डोळ्यांत आलंच. तिला शरम वाटली, नेहमीची, कानांपर्यंत चढणारी. देवा, तिने मनात सुरू केलं... आणि पुढचा शब्द आला नाही. भूक तेवढी होती, साधी, तिची स्वतःची, आणि ती कुठेही लपत नव्हती. समोर आल्यावर तोंड उघडेल की नाही, हे तिला माहीत नव्हतं.

"चल," दादा म्हणाला.

तिने खांदा पुढे केला. त्याचा हात त्यावर आला, आणि ती पुढची पायरी उतरली.